नाव विचारायचे राहून गेले



गेल्या खेपेला आपण हरभऱ्यावरच्या घाटेअळीची चर्चा केली. पुष्कळांनी पत्रे लिहिली आहेत, त्यांची उत्तरे सवडीने देतो. आज मात्र बियाणे, खत, औषध यांपैकी कशाचीच गोष्ट नाही. आज एका फोटो काढणाऱ्या बाईची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, साहेबांना आज झाले तरी काय? पण जरा धीर धरा. ही बाई शहरात वाढलेली, तरी तिचे नाव झाले ते शेतात राबणाऱ्या माणसांच्या फोटोंनी. शिवाय या गोष्टीत माझी स्वतःची एक चूक गुंतलेली आहे. ती आधी सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी ऐन फेब्रुवारीत गारपीट झाली. मी पंचनाम्याच्या कामावर होतो. एका वस्तीवर ओंबीला आलेला गहू पार भुईसपाट झाला होता. बांधावर एक बाई उभी होती. काखेला पोर, पदराचे टोक तोंडाशी धरलेले, नजर लोळलेल्या गव्हावर. मी मोबाइल काढला, दोन-तीन फोटो घेतले, गट नंबर लिहिला, क्षेत्र लिहिले, नुकसानीची टक्केवारी लिहिली आणि पुढच्या शेताकडे निघालो. फोटो चांगला आला होता. पुढे एका प्रदर्शनात तो मोठा करून लावला. खाली ओळ होती, 'गारपीटग्रस्त शेतकरी महिला'. योगायोग असा, की तीच बाई ते प्रदर्शन बघायला आली. बराच वेळ फोटोसमोर उभी राहिली आणि मग मला म्हणाली, "सायेब, गहू माझा, पोरगं माझं, फोटूबी माझाच. मग नाव का न्हाई लिवलं?"

मी काय उत्तर देणार? नाव मी विचारलेच नव्हते. पंचनाम्यात सातबाऱ्यावरचे नाव होते आणि ते तिच्या सासऱ्याचे होते.

त्या रात्री मला डोरोथिया लँग या अमेरिकन बाईंची आठवण झाली. बी.एस्सी.ला असताना मृदसंधारण शिकवणाऱ्या आमच्या सरांनी त्यांचा एक फोटो वर्गात दाखवला होता. पुढे मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचीत गेलो. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

अधू पाय आणि उसना कॅमेरा

डोरोथियाचा जन्म २६ मे १८९५ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात होबोकन गावी झाला. सातव्या वर्षी तिला पोलिओ झाला. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा अधू झाला. बारा वर्षांची असताना बाप घर सोडून गेला. आईने न्यू यॉर्कमध्ये एका वाचनालयात नोकरी धरली. शाळा सुटली, की ही पोर गरिबांच्या गजबजलेल्या वस्तीतून एकटीच लंगडत हिंडायची आणि माणसे न्याहाळायची. मोठेपणी त्या म्हणत, की या पायाने मला घडवले, शिकवले आणि खाली मान घालायलाही लावली.

शिक्षण संपताच मुलीने घरी जाहीर केले, की मी फोटोग्राफर होणार. गंमत म्हणजे तेव्हा तिच्याजवळ स्वतःचा कॅमेरासुद्धा नव्हता. फोटोच्या स्टुडिओंतून पडेल ते काम करीत ती शिकली. १९१८ साली एका मैत्रिणीला घेऊन जगाची सफर करायला निघाली. सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचताच पैसे चोरीला गेले आणि जगाची सफर तिथेच आटोपली. पण रडत बसली नाही. त्याच शहरात नोकरी धरली, लवकरच स्वतःचा स्टुडिओ थाटला. श्रीमंत घरची मंडळी फोटो काढून घ्यायला येऊ लागली. मेनार्ड डिक्सन या चित्रकाराशी लग्न झाले, दोन मुलगे झाले. संसार ठीक चालला होता.

मग १९२९ साल उजाडले. अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, कारखाने बंद पडले, लाखो माणसे बेकार झाली. डोरोथियाबाई स्टुडिओच्या खिडकीतून रस्त्यावर दिशाहीन भटकणारी माणसे बघत. आत दिव्यांच्या उजेडात नटूनथटून बसलेली गिऱ्हाइके आणि बाहेर हे दृश्य! १९३३ साली एके दिवशी त्या कॅमेरा घेऊन खाली उतरल्या. जवळच बेकारांना फुकट अन्न वाटले जाई, तिथे रांग लागली होती. त्या गर्दीत एक म्हातारा सगळ्यांकडे पाठ करून कठड्यावर रेलला होता. दोन हातांच्या मध्ये पत्र्याचा डबा, टोपी डोळ्यांवर ओढलेली. बाईंनी तो फोटो घेतला. आजही मंदीच्या त्या काळाची आठवण निघाली, की हा फोटो छापला जातो. त्या दिवसापासून स्टुडिओतले त्यांचे मन उडाले.

पगारपत्रकावर टायपिस्ट

कॅलिफोर्निया विद्यापीठात पॉल टेलर नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. शेतमजुरांचा अभ्यास हा त्यांचा विषय. त्यांनी डोरोथियाबाईंचे फोटो पाहिले आणि ताडले, की आपण आकडे मांडतो ते वरिष्ठांच्या टेबलावर पडून राहतात, पण त्याला असे फोटो जोडले तर वाचणारा दचकेल. १९३५ साली सरकारी पाहणीच्या कामावर त्यांनी बाईंना बरोबर घेतले. पण अडचण अशी, की मंजूर पदांत फोटोग्राफरचे पदच नव्हते. मग कागदोपत्री बाईंना टायपिस्ट दाखवले! सरकारी नोकरीत केस पांढरे झालेल्या माझ्यासारख्याला यात काही नवल वाटत नाही.

या जोडीचा अहवाल वर गेला आणि कॅलिफोर्नियात मेरिसव्हिल आणि आर्विन इथे हंगामी शेतमजुरांसाठी सरकारी छावण्या उभ्या राहिल्या. तोवर ही माणसे कालव्याच्या कडेला, फाटक्या ताडपत्र्यांखाली राहत आणि कालव्याचेच पाणी पीत. त्याच वर्षाच्या अखेरीस टेलर आणि डोरोथियाबाई यांनी लग्न केले. पुढली तीस वर्षे दोघांनी संसार आणि काम जोडीने केले.

१९३५ मध्येच केंद्र सरकारच्या ग्रामीण पुनर्वसनाच्या खात्याने फोटो काढणाऱ्यांची एक तुकडी तयार केली. रॉय स्ट्रायकर तिचे प्रमुख होते. खेड्यातले हाल शहरातल्या माणसांना आणि कायदे करणाऱ्यांना दिसावेत, म्हणजे शेतीसाठीचा पैसा मंजूर होईल, हा हेतू. डोरोथियाबाई त्या तुकडीत होत्या.

त्यांची कामाची रीत विस्तार कार्यकर्त्यांनी शिकावी अशी होती. मोटारीतून उतरले आणि कॅमेरा रोखला, असे त्या करीत नसत. आधी चार शब्द बोलायच्या. कधी प्यायला पाणी मागायच्या आणि ते सावकाश पीत बसायच्या. लंगडत येणाऱ्या बाईची कुणाला भीती वाटत नसे. फोटो झाला, की मोटारीत जाऊन माणसे काय बोलली ते त्यांच्याच शब्दांत वहीत टिपून ठेवायच्या. किती मजुरी मिळते, कुठून आलात, जमीन का सोडली, हे सारे. त्या म्हणत, शब्दांवाचून फोटो अर्धा.

माती का उडाली

आता आपल्या कामाचा भाग. ही माणसे घरदार सोडून निघाली का?

अमेरिकेच्या मध्यभागी कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास या राज्यांकडे मैलोन् मैल सपाट गवताळ माळ होता. पाऊस बेताचा, वारा भयंकर. पण गवताच्या मुळ्यांनी माती घट्ट धरून ठेवली होती. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले आणि लोकांनी ट्रॅक्टर लावून तो माळ उलथापालथा केला. पुढे भाव पडले, तशी तूट भरून काढायला आणखी माळ नांगरला. १९३० नंतर ओळीने अवर्षणे आली. पीक उगवले नाही, जमीन उघडी पडली आणि वाऱ्याने माती उचलली. मे १९३४ मधल्या वादळाची धूळ देशाच्या दुसऱ्या टोकाला राजधानीपर्यंत आणि पुढे समुद्रातल्या जहाजांवर जाऊन पडली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी भरदिवसा अंधार झाला. त्याच महिन्यात अमेरिकेने मृदसंधारणाचा कायदा केला. त्यासाठी ह्यू बेनेट या शास्त्रज्ञाने जिवाचे रान केले होते. उताराला आडवी मशागत, पट्टा पेर पद्धत, ताली, वारा अडवणाऱ्या झाडांच्या रांगा, हे सगळे तिथे धडाक्याने सुरू झाले. तुमच्या बांधावर येऊन उताराला आडवे नांगरा, असे मी घसा कोरडा करून सांगतो, त्यामागे असल्या अनुभवाची किंमत आहे.

पण धूळ हे एकच कारण नव्हते, हे डोरोथियाबाईंच्या फोटोंनीच दाखवले. आमच्या सरांनी वर्गात दाखवलेला फोटो तोच. १९३८ साली टेक्सासमध्ये काढलेला. एक लाकडी घर, ओसाड. घराच्या दारापर्यंत नांगरटीच्या तासांची रांगच रांग. अंगण नाही, परसू नाही, कोंबडी नाही, माणूस नाही. या घरात बटाईने जमीन कसणारे कुटुंब राहत असणार. मालकाने ट्रॅक्टर घेतला, बटाईदार काढून टाकले आणि घरासकट सगळे रान एका तासात आणले. सर म्हणाले होते, "या चित्रात मातीची धूप शोधू नका. माणसांची धूप झाली आहे." ते वाक्य मी अजून विसरलो नाही.

दुसरा एक फोटो १९३७ चा. दोन माणसे बोचकी घेऊन हमरस्त्याने पायी चालली आहेत आणि शेजारी भली मोठी जाहिरात आहे, पुढच्या वेळी रेल्वेने जा आणि आराम करा! बाईंनी त्यावर एक शब्द जास्तीचा लिहिला नाही. गरजच काय होती?

वाटाण्याच्या रानातली आई

आता त्यांच्या सर्वांत गाजलेल्या फोटोकडे येतो.

मार्च १९३६. महिनाभराची फिरती संपवून डोरोथियाबाई एकट्याच मोटार हाकीत घरी निघाल्या होत्या. पाऊस पडत होता. कॅमेरे पेटीत बांधून ठेवले होते. कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळ रस्त्याकडेला वाटाणा तोडणाऱ्यांच्या छावणीची पाटी दिसली. त्या थांबल्या नाहीत. पण मन स्वस्थ बसू देईना. वीस मैल पुढे गेल्यावर त्यांनी मोटार वळवली.

छावणीत अडीच हजारांवर माणसे होती. तोडीला या, अशी बोलावणी गेल्यामुळे आलेली. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात, तशीच ही बिऱ्हाडे. पण थंडी अशी पडली, की वाटाणा करपून गेला. तोड नाही म्हणजे मजुरी नाही आणि परत जायला गाडीत तेल नाही.

एका फाटक्या झोपडीवजा तंबूत एक बाई मुलांना घेऊन बसली होती. डोरोथियाबाईंनी हळूहळू जवळ जात काही फोटो घेतले. शेवटच्या फोटोत आई मधोमध, हात गालाला, नजर कुठेतरी लांब. दोन्ही खांद्यांवर दोन पोरे तोंड फिरवून टेकलेली, मांडीवर तान्हे. वय बत्तीस, पण कपाळावरच्या आठ्या पन्नाशीच्या. दहाएक मिनिटांत काम झाले. नेहमी वही काढणाऱ्या डोरोथियाबाईंनी त्या दिवशी तिचे नाव विचारले नाही, तिची कहाणी विचारली नाही. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे.

घरी जाऊन त्यांनी फोटो धुतले आणि थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्राकडे नेले. १० मार्चला बातमी झळकली. सरकारने तातडीने २० हजार पौंड, म्हणजे सुमारे नऊ हजार किलो अन्नधान्य छावणीला पाठवले. एका फोटोने एवढे काम केले! हा फोटो पुढे जगभर छापला गेला, १९९८ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटावरही आला.

पण मंडळी, गोष्ट इथे संपवली तर ती अर्धी राहील. धान्य पोहोचले तेव्हा ती बाई छावणीत नव्हती. गाडी दुरुस्त करून ते कुटुंब कामाच्या शोधात पुढच्या गावाला निघून गेले होते.

बेचाळीस वर्षांनी

१९७८ साली एका स्थानिक पत्रकाराने त्या बाईला शोधून काढले, तेव्हा जगाला तिचे नाव कळले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. जन्म १९०३ चा, ओक्लाहोमातला. जातीने अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी, चेरोकी जमातीच्या. धुळीच्या वादळांच्या पुष्कळ आधीच त्या कॅलिफोर्नियात आल्या होत्या. १९३१ साली नवरा क्षयाने गेला. मग कापूस वेचून, वाटाणा तोडून, मिळेल ती मजुरी करून त्यांनी मुले वाढवली. डोरोथियाबाईंनी लिहिले होते, की त्या कुटुंबाने पोटासाठी गाडीचे टायर विकले. फ्लॉरेन्सबाईंच्या घरचे म्हणाले, आम्ही टायर विकले नव्हते. टायर विकून आम्ही पुढे गेलो कसे असतो?

फ्लॉरेन्सबाईंच्या मनात सल होता. माझ्या चेहऱ्याने जगभर नाव मिळवले, मला त्यातला एक पैसा मिळाला नाही, माझे नाव विचारले नाही, असे त्या म्हणाल्या. डोरोथियाबाईंनाही त्या फोटोचे पगारापलीकडे काही मिळाले नव्हते, कारण तो सरकारच्या मालकीचा होता. पण ज्याच्या अंगावर दुःख उभे राहते त्याचा हिशोब निराळा असतो.

१९८३ साली फ्लॉरेन्सबाई अंथरुणाला खिळल्या. उपचाराचा खर्च झेपेना, तेव्हा मुलांनी लोकांना हाक दिली. हजारो डॉलर आले आणि त्याबरोबर पत्रांचा पाऊस पडला. तुमच्या आईच्या फोटोने आम्हाला वाईट दिवसांत बळ दिले, असे लोकांनी लिहिले. तोवर ज्या फोटोची मुलांना लाज वाटे, त्याचाच त्यांना अभिमान वाटू लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात फ्लॉरेन्सबाई वारल्या.

मानसन्मान आणि बंद पेटीतले फोटो

१९४१ साली डोरोथियाबाईंना गुगेनहाइम फेलोशिप मिळाली. फोटोग्राफीसाठी हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. कुणीही तो मान मिरवत बसले असते. पण महायुद्ध आले आणि अमेरिकेने आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचे जपानी वंशाचे सुमारे १ लाख २० हजार लोक उचलून छावण्यांत कोंडले. त्यांतले पुष्कळ जण भाजीपाला आणि स्ट्रॉबेरी पिकवणारे मेहनती शेतकरी होते. उभी पिके टाकून त्यांना निघावे लागले. बाईंनी फेलोशिपचे काम बाजूला ठेवले आणि १९४२ साली सरकारच्याच नेमणुकीवर या लोकांचे फोटो काढले. फोटोंत अन्याय इतका उघड दिसत होता, की लष्कराने ते युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवले. १९८८ साली अमेरिकी सरकारने त्या लोकांची माफी मागितली आणि भरपाई दिली. ते बघायला बाई उरल्या नव्हत्या.

धरणाखाली गाव गेलेल्या वाचकांसाठी आणखी एक सांगतो. कॅलिफोर्नियातले बेरीएसा नावाचे सुपीक खोरे मॉन्टिसेलो धरणाखाली बुडणार होते. १९५६ पासून वर्षभर डोरोथियाबाई आणि पर्कल जोन्स या दोघांनी त्या खोऱ्याचा शेवट टिपला. शेवटची सुगी, तोडलेली झाडे, हलवलेली थडगी, जाळलेली घरे. पोटाच्या दुखण्याने त्या जेरीस आल्या होत्या, तरी जात राहिल्या. ११ ऑक्टोबर १९६५ रोजी त्या कर्करोगाने गेल्या. न्यू यॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या फोटोंचे प्रदर्शन भरायचे होते. त्याची जुळवाजुळव त्यांनी आजारपणात केली. प्रदर्शन १९६६ च्या जानेवारीत भरले.

आपण काय घ्यायचे

आज तुमच्या-माझ्या खिशात कॅमेरा आहे. म्हणून या गोष्टीतून चार गोष्टी उचलाव्यात असे वाटते.

पहिली, नुकसान झाले, की फोटो काढा, पण नुसता चेहरा किंवा नुसते एक ताट काढू नका. बांध, विहीर, झाड अशी खूण दिसेल असा संपूर्ण शेताचा एक आणि पिकाचा जवळून एक, असे दोन फोटो घ्या.

दुसरी, फोटोबरोबर वहीत लिहा. तारीख, गट नंबर, पीक, कोणत्या अवस्थेत होते, काय झाले. शब्दांवाचून फोटो अर्धा, हे बाईंचेच म्हणणे.

तिसरी, दुसऱ्याच्या दुःखाचा फोटो घेताना आधी विचारा. नाव विचारा. कुठे लावणार, कुणाला पाठवणार, ते सांगा. आणि एक प्रत त्याच्या घरी पोहोचवा.

चौथी माझ्यासारख्या साहेबांसाठी. मदत मंजूर झाली म्हणजे पोहोचली असे समजू नका. ज्याचा फोटो होता त्यालाच ती मिळाली का, हे जाऊन बघा. निपोमोला धान्य गेले, पण त्या आईला मिळाले नाही, हे ध्यानात असू द्या.

प्रदर्शनानंतरच्या आठवड्यात मी त्या वस्तीवर गेलो. फोटोची प्रत दिली, चुकलो म्हणालो, नाव विचारून घेतले. त्यांनी चहा केला. निघताना मी विचारले, "ताई, मी साप्ताहिकात लिहितो. तुमचं नाव छापू का?"

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पेपरात कशाला सायेब? आधी सातबाऱ्यावर लागू द्या. मग खुशाल छापा."

म्हणून ते नाव आज इथे नाही. पण तुमच्या घरचा सातबारा आज संध्याकाळी एकदा काढून बघा. शेतात जी राबते तिचे नाव त्यावर आहे का? नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला, तलाठ्याला भेटा, काय करता येईल ते विचारा.

असो. पुढच्या खेपेला उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीबद्दल बोलू. बियाणे राखून ठेवले असेल तर शेंगा फोडायची घाई करू नका.

आपला,
विस्तार अधिकारी